आतून लावायची कडी

४ जानेवारी

चि. ठमीस आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोन न करता लिहायला बसले याला कारण आहे. एक तर माझ्या डाव्या कानाने पुरता राजीनामा दिलाय आणि उजवा सारखा रजेवर असतो. दुसरं म्हणजे फोनवर तू रडतेस, मी ओरडते, आणि शेवटी काय ठरलं ते दोघींनाही कळत नाही. म्हणून या विषयावरचं सगळं बोलणं कागदावर. तूही लिहूनच उत्तर दे. दातांच्या डॉक्टरचं अक्षर वाचायची माझी तयारी आहे.

तर विषय असा. मी हे घर सोडणार आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांच्या रोज नव्या तक्रारी. मागच्या आठवड्यात भाजीची पिशवी घेऊन जिन्यात टेकले ती उठताच येईना. वरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी येता येता हात दिला तेव्हा घरी पोचले. भला माणूस आहे, पण त्याची येण्याजाण्याची वेळ सांभाळत म्हातारपण काढायचं म्हणजे कठीण आहे.

तुझ्याकडे मी येणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तू त्या ओळीसाठी सगळं पत्र चाळत बसणार नाहीस. मी ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जाणार आहे. महिनाभर जागा बघत हिंडतेय. तुला सांगितलं नाही, कारण तू बरोबर आली असतीस.

पहिली जागा म्हणजे निव्वळ हॉटेल. दारात कारंजं. तिथला मॅनेजर मी दमले का असं दर दोन मिनिटांनी विचारत होता, तेही तान्ह्या बाळाशी बोलावं तशा आवाजात. मी त्याला फरशी पुसायची फडकी कुठे वाळत घालता ते दाखवायला सांगितलं. त्याला प्रश्नच कळला नाही. मी चहा न घेता उठले. ठमे, एवढी वर्षं मुलींचं होस्टेल चालवलं, दिवाणखाना काय सगळेच चकचकीत ठेवतात. ओली फडकी कुठे वाळतात आणि जेवण झाल्यावर ताटांत काय उरून परत येतं, हे बघितलं की जागा कळते. दुसरी होती टेकडीवर. देखावा असा की विचारू नकोस. पण औषधाचं दुकान खाली, दवाखाना त्याहून खाली, आणि राहणारे सगळे खिडकीशी बसून त्या देखाव्याला कंटाळलेले.

तिसरी मात्र मनात भरली. भिंतींचा रंग गेलाय, पण फडकी उन्हात. समोर शाळा, शेजारी बसचा डेपो, म्हणजे सकाळपासून कलकलाट. मला ऐकू येत नाही त्याचा काहीतरी फायदा नको का? जेवणाच्या वेळी मी न सांगता जाऊन हॉलच्या दारात उभी राहिले. ताटं चाटूनपुसून स्वच्छ, आणि दोन म्हातारे टेबलावर मुठी आपटून निवडणुकीवरून भांडत होते. मला बरं वाटलं. अर्धपोटी माणसं इतकं भांडत नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, स्वतःचं न्हाणीघर, आणि मुख्य म्हणजे दाराला आतून कडी. ज्यांचं भान सुटत चाललंय त्यांच्यासाठी मागे वेगळी इमारत आहे, तिथे नर्सबाया रात्रंदिवस असतात आणि दारं बाहेरून बंद होतात. तीही बघितली. स्वच्छ आहे. पण मला कडी आतून लावायची आहे.

त्यांचा नियम असा की आधी दोन आठवडे राहून बघायचं, त्यांनी तुम्हाला आणि तुम्ही त्यांना. मग तिथे राहणाऱ्यांची सभा ठरवते. शिवाय जवळच्या नातेवाइकाची संमतीची सही लागते, म्हणजे तुझी. बारा तारखेला मी जातेय.

जावईबापूंना आशीर्वाद सांग. राग आला तर तोही लिहून कळव. तुझा लोभ आहे तेवढा शाबूत ठेव, सहीच्या वेळी लागणार आहे.

तुझी,
आई


८ जानेवारी

ती. आईस ठमीचा साष्टांग नमस्कार. विनंती काही नाही, आज नुसतं विशेष.

तू वसाहत म्हण, मी वृद्धाश्रमच म्हणणार. पत्र दवाखान्यात आलं. पेशंटच्या तोंडात कापूस ठेवून मी जरा बाजूला जाऊन वाचायला लागले आणि वाचतच बसले. बिचारा आ वासून तसाच. शेवटी त्यानेच हातवारे करून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

आई, तुझी खोली मी गेल्या वर्षीच रंगवून घेतलीय. खालच्या मजल्यावर, एकही पायरी नाही, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय, खिडकी बागेकडे. दर रविवारी मी ती रिकामी खोली झाडते. नवरा म्हणतो की धूळ बसायला आधी कुणी राहावं लागतं. तरी झाडते. आणि तू मला न सांगता फडकी बघत हिंडत होतीस!

लोक काय म्हणतील, असं मी म्हणणार नाही, कारण तू लगेच त्या लोकांचे पत्ते मागशील. मला काय वाटतं ते सांगते. आपण होस्टेलच्याच दोन खोल्यांत राहायचो. तू आधी शंभर मुलींची रेक्टर आणि मग माझी आई. पहाटे कॉरिडॉरमध्ये निघालीस की प्रत्येक दारावर दोन टकटक, आणि शेवटचं दार आपलं. मीसुद्धा त्याच दोन टकटकींत उठले. तू मला कधी जवळ घेऊन, केसांतून हात फिरवून उठवलं नाहीस. कुणा मुलीला ताप आला की तू तिच्या उशाशी, आणि मी बाबांपाशी. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण मी मनाशी हिशेब मांडून ठेवला होता की ही रिटायर झाली की माझी. रिटायर झालीस आणि बाबा आजारी पडले. आता कुठे माझी पाळी आली, तर तू परत होस्टेलातच निघालीस. मला त्या अनोळखी म्हाताऱ्यांचा हेवा वाटतोय गं. दातांची डॉक्टर झाले, केस पांढरे झाले, आणि हे लिहिताना लाज वाटतेय. पण लिहून कळव असं तूच म्हणालीस.

सही मी करणार नाही. मामाला तुझ्याकडे पाठवतेय. तुला चार शब्द ऐकवायची हिंमत असलेला आपल्या घरात तेवढा एकच उरलाय.

लोभ आहे म्हणून भांडतेय, नाहीतर सही करून मोकळी झाले असते.

तुझीच,
ठमी


१६ जानेवारी

ती. ताईस धाकट्याचा दंडवत.

काल तुला भेटून आलो तेव्हा तू मला बोलूच दिलं नाहीस, सगळी वसाहत हिंडवून दाखवलीस आणि बसमध्ये बसवून दिलंस. म्हणून हे पत्र. ठमीने मला तिचं वकीलपत्र दिलंय, पण मी पडलो शिंपी. मला दोन्ही बाजूंनी कापड नीट बसतंय का ते बघायची सवय. म्हणजे मी दोघींकडून बोलणार आणि दोघींकडून शिव्या खाणार.

जागा चांगली आहे, हे कबूल. पडद्यांची शिलाई गलथान आहे, माझ्या दुकानात कुणी असा पडदा शिवला असता तर मी त्याच्या हातातून कात्री काढून घेतली असती. ते पडदे मी बदलून देईन. पण ताई, मला काळजी जागेची नाही, तुझी आहे. तू होस्टेल चालवलंस, होस्टेलात राहिली नाहीस. या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. तिथे तुझं ऐकायला कुणी बसलेलं नाही. काल चहाच्या वेळी त्या आजोबांनी बशीतून मूठभर बिस्किटं उचलली, तेव्हा तुझ्या भुवया कुठवर चढल्या ते मी बघितलं. त्या आजोबांनीही बघितलं. त्यांनी अर्धी बिस्किटं परत ठेवली, ताई! सत्तरी ओलांडलेला माणूस तो!

मुली तुला पाठीमागे गजरबाई म्हणायच्या ते काही उगाच नाही. तिथे राहायचं असेल तर डोळे, भुवया आणि पाय आवर. आणि ठमीला दोन ओळी लिही. पोरगी खरंच दुखावली आहे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा


१९ जानेवारी

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पडदे शिवून दे, उपदेश ठेवून घे.

मी इथे मजेत आहे. खोली लहान पण उजेडाची. पलंग, टेबल, कपाट, खिडकीत एक कुंडी आधीच्या बाईंनी मागे ठेवलेली, तिला मी जगवतेय. दार लावून कडी घातली की सगळं माझं. कपाटाचा कोणता खण कशाला, हे मी ठरवते. दुपारी पुस्तक छातीवर ठेवून डुलकी काढली तर ते उचलायलाही कुणी येत नाही. डाव्या हाताला एक निवृत्त शाळामास्तरीण, रसायनशास्त्र शिकवायच्या. बोलणं ॲसिडसारखं, म्हणून मी त्यांना रसायनबाई म्हणते, अर्थात मनात. उजव्या हाताला बसचे जुने ड्रायव्हर. डेपोतून गाडी निघाली की हे खिडकीतून तिला हात करतात. जेवण साधं आणि गरम. भाताला चमचाभर पाणी कमी हवं, पण मी बोलले नाही. बघ, मला गप्प बसता येतं.

सकाळची जुनी सवय जरा आडवी आली, पण ते किरकोळ आहे, होईल बंद.

ठमीचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि रडले. हे तिला सांगू नकोस, ती लगेच गाडी काढेल. उत्तर मला सुचत नाहीये. सुचेल तेव्हा लिहीन. घाईत लिहिलेलं ती आयुष्यभर जपून ठेवेल आणि मला दाखवत राहील.

लोभ करत राहा, आणि पडद्याला फुलं नकोत.

तुझी,
ताई


२१ जानेवारी

ती. मामास ठमीचा नमस्कार.

तू फोनवर सांगितलंस, आईने सकाळची सवय किरकोळ आहे असं लिहिलंय. किरकोळ म्हणे! मामा, काल वसाहतीच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. बोलायला फार सभ्य, त्यामुळे जास्तच भीती वाटली. आई पहिल्या दिवसापासून पहाटे उठून सगळ्या कॉरिडॉरमध्ये दारं वाजवत जाते. प्रत्येक दारावर दोन टकटक, आणि मुलींनो उठा, पाणी तापलंय, असं मोठ्यांदा. शेजारच्या मिशीवाल्या बस ड्रायव्हरांनासुद्धा मुलींनो. मॅनेजरबाईंनी एकदा तिला अडवलं, तर तिने त्यांनाच विचारलं की तुझी खोली कोणती आणि या वेळी बाहेर कशी. रात्री जेवणाच्या हॉलच्या दारात उभी राहून माणसं मोजते, आणि एक कमी भरलं तर जेवायला बसत नाही.

त्यांच्या डॉक्टरांना वाटतंय की तिला विसर पडायला लागलाय, आपण कुठे आहोत ते भान सुटतंय. तेव्हा स्वतंत्र खोली देता येणार नाही. मागच्या इमारतीत जागा देऊ म्हणाल्या. जिथे दारं बाहेरून लावतात तिथे.

दिवसभर मी दुसऱ्यांच्या दाढा तपासत होते आणि माझेच दात वाजत होते. माझी आई, जिला शंभर मुलींची नावं, त्यांच्या घरचे पत्ते आणि कोणाला काय खाल्लं की पुरळ येतं ते तोंडपाठ होतं! आता वाद संपला. शनिवारी गाडी घेऊन जाते आणि तिला घेऊन येते. तू बरोबर ये. मला एकटीला ती ऐकणार नाही.

तुझा आधार आहे म्हणून धीर धरून लिहितेय, तो काढून घेऊ नकोस.

तुझी भाची,
ठमी


२३ जानेवारी

चि. ठमीस मामाचे आशीर्वाद, आणि डोक्यात एक हलकी टपली.

गाडीची किल्ली खुंटीला लाव आणि आधी हे वाच. तुझं पत्र हातात पडलं तसा मी चपला घातल्या आणि पहिली बस पकडून तिच्याकडे गेलो. घाबरलो मीही होतो. खोटं कशाला सांगू?

मी तिला आडून आडून काही विचारलं नाही. दार वाजवताना आपण कुठे आहोत हे तुला माहीत होतं का, असं सरळ विचारलं. ती कुंडीतली माती उकरत बसली. मग म्हणाली की पहिल्या पहाटे माहीत नव्हतं. पाय आधी निघाले आणि ती मागून जागी झाली. पुढच्या दिवसापासून माहीत होतं, पण पाय थांबेनात. दार न वाजवता परत फिरलं की दिवसभर वाटायचं, कुणीतरी उठायचं राहिलंय आणि तिची परीक्षा चुकणार आहे. मॅनेजरबाईंना खोली विचारली ती म्हणे थट्टा होती. ठमे, तुझ्या आईची थट्टा तिच्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला कळलीय? तुझ्या बाबांनासुद्धा दुसऱ्या दिवशी कळायची.

विसर पडलाय म्हणतात. अगं, तिला काही म्हणजे काही विसरता येत नाही, हाच तर घोटाळा आहे. माझंच घे. दुकान बंद करून किती वर्षं झाली, तरी समोर माणूस आला की माझे डोळे त्याच्या खांद्याचं माप घेतात. काल मॅनेजरबाई मला गंभीरपणे काहीतरी समजावत होत्या आणि मी त्यांच्या बाहीकडे बघत होतो, एक बोटभर लांब आहे. पण मी डॉक्टर नाही. तपासणी नीट व्हायलाच हवी, आणि ती ताईने स्वतःच मागितली आहे. मॅनेजरबाईंकडून वर एक आठवडाही तिनेच मागून घेतला. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात विनवणी नाही. मला अजून एक आठवडा लागेल असं सांगितलं आणि त्या बाईंनी मान हलवली. पुढच्या शुक्रवारी सभा आहे. तोपर्यंत तू येऊ नकोस. तू आलीस की ती तुझी समजूत घालत बसेल, आणि तिला आत्ता स्वतःची घालायची आहे.

मामावरचा लोभ कमी झाला तरी चालेल, विश्वास तेवढा असू दे.

तुझा,
मामा


३० जानेवारी

चि. ठमीस आईचे अनेक आशीर्वाद.

मामाने तुला काय लिहिलं ते त्याने मला वाचून दाखवलं नाही, म्हणजे खरंच लिहिलं असणार. आता माझ्याकडून ऐक.

मी भ्याले होते. त्या पहाटे जाग आली तेव्हा माझा हात परक्या दारावर होता आणि दार उघडून एक पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातले गृहस्थ माझ्याकडे बघत होते. मला काही कळेना. तुझे बाबा गेले तेव्हाही अशी भ्याले नव्हते, कारण तेव्हा काय झालंय ते तरी कळत होतं. म्हणून तपासणी मीच मागितली. इथला डॉक्टर पोरगेलासा आहे. मला ऐकू येत नाही म्हणून प्रश्न लिहून द्यायला लावले. घड्याळाचं चित्र काढून दाखवलं, उलटे आकडे म्हटले. त्याने मेंदूच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडेही पाठवलं, तिथे मामा बरोबर आला होता. दोघांचंही म्हणणं पडलं की वयाच्या मानाने ठीक आहे, सवय फार जुनी आहे आणि जागा नवी आहे, पावसाळ्यानंतर पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवणार. लपवाछपवी करणार नाही. उद्या खरंच भान सुटायला लागलं तर मागच्या इमारतीत मी आपण होऊन जाईन, तुला सांगायला लागणार नाही. पण आज ती वेळ आलेली नाही, आणि आज मी तिथे जाणार नाही.

राहिले पाय. मी ठरवलं की सूर्य चांगला वर आल्याशिवाय अंथरूण सोडायचं नाही. ठमे, इतकं अवघड काम मी उभ्या जन्मात केलं नाही. पहाटे डोळे टक्क उघडे. डोक्यात सगळं सुरू, बंब पेटला का, दूध आलं का, कोणाची परीक्षा, कोणाला ताप. त्या मुली आता स्वतः आज्या झाल्या असतील, पण माझ्या डोक्यात अजून झोपलेल्याच. पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून पडून राहिले. एका सकाळी रडू आलं. उठवायला कुणी नाही, माझ्यावाचून कुणाचं अडत नाही, म्हणून आलं. मनसोक्त रडले. कडी आतून होती.

तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. तुझ्याकडे आले असते तर हे रडू आलंच नसतं. पहिल्याच दिवसापासून तुझा डबा, जावईबापूंचा चहा, कामवाल्या बाईंवर देखरेख, सगळं घर मी माझ्या शिस्तीला लावलं असतं, आणि आई आहे म्हणून तू सोसलं असतंस. इथे कुणी सोसत नाही. इथे लोक फोन करून तक्रार करतात! म्हणूनच मला इथे राहायचंय.

सभा आज जेवणाच्या हॉलमध्ये झाली. रसायनबाई आधी उठल्या. त्या म्हणाल्या की सगळी नोकरी शाळेच्या घंटेवर उठून काढली, आणि इथे त्या केवळ न उठण्यासाठी आल्या आहेत. पुन्हा दार वाजलं तर तांब्याभर गार पाणी माझ्या डोक्यावर ओततील. सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण राग आला नाही हे विशेष. ड्रायव्हरसाहेब म्हणाले की त्यांना मुलींनो म्हटलेलं चालेल, वेळ तेवढी चालणार नाही. मग मला बोलायला सांगितलं. मी भाषण तयार केलं होतं, तुला माझी भाषणं माहीत आहेत. उभी राहिले आणि कागद मिटून ठेवला. एवढंच म्हणाले की मला इथे कुणाला सांभाळायला यायचं नाही, राहायला यायचंय. ते अजून नीट जमत नाही, शिकतेय. हात वर झाले. सगळ्यांचे नाही, बिस्किटवाल्या आजोबांचा नाहीच. पण पुरेसे झाले. पहिला हात रसायनबाईंचा होता, कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता तुझ्या पत्राचं. मी उरलेली तुझ्या वाट्याला आले असं तू लिहिलंस. खरं आहे. कामच तसं होतं आणि ते मी आवडीने केलं. माफी मागणार नाही, मागितली तर ती खोटी असेल आणि तुला लगेच कळेल. पण आता मी कुणाचीही रेक्टर नाही. भेटायला येशील तेव्हा नुसती तुझी आई भेटेल. तुझ्या त्या रंगवलेल्या खोलीत मी सुट्टीला येईन, पाहुणी म्हणून, आणि तुझ्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही. बरं, एकदाच ठेवेन.

सात तारखेच्या शनिवारी ये. सही केली नाहीस तरी मी तुझ्याकडे राहायला येणार नाही, दुसरी जागा शोधेन, गुडघे असेपर्यंत शोधत राहीन. पण मला हीच जागा हवी आहे, आणि तुझ्या सहीने हवी आहे. तुझ्या मनाविरुद्ध मिळालेल्या खोलीत मला झोप लागायची नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. तू माझ्यावर रागव, रुस, पण लांब जाऊ नकोस.

तुझी,
आई


८ फेब्रुवारी

ती. मामास ठमीचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल गाडी घेऊन गेले होते. मागची सीट रिकामी करून, तिच्यासाठी शाल आणि उशी टाकून. तुला खरं सांगते, सही करायची की तिला उचलून आणायचं, ते वसाहतीच्या फाटकात शिरेपर्यंत ठरलं नव्हतं.

पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. मॅनेजरबाई म्हणाल्या की आई अजून नाश्त्याला आलेली नाही. आई आणि नऊ वाजता उठलेली नाही! मामा, मी पुढचं ऐकलंच नाही. धावत गेले. दार बंद. मॅनेजरबाईंनी त्यांच्याकडची किल्ली लावून बघितली, पण आतून कडी. इतके दिवस जिच्यासाठी भांडणं चालली होती ती कडी उखडून फेकावी असं झालं. माझ्या डोळ्यांपुढे नको नको ते आलं. मी दाराला कान लावला.

आणि आतून घोरणं ऐकू आलं. ते पण कसं, तर एकदम थाटात, डेपोतल्या गाड्यांच्या वरताण. बाबा म्हणायचे की हिच्या घोरण्याचा जगात मी एकटा साक्षीदार आहे. मला वाटायचं बाबांची नेहमीची चेष्टा. मी कधी ऐकलंच नव्हतं ना! मी उठायच्या आत ती उठलेली, मी झोपल्यावर ती फेरीला गेलेली. मॅनेजरबाईंनी खुणेने विचारलं की उठवू या का. मी हात वर केला, बोटं वळवली, दोन टकटक मारायच्या एवढंच राहिलं होतं. हात खाली घेतला.

कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी रडले, मामा, आणि हसलेही. ड्रायव्हरसाहेब चवड्यांवर चालत गेले, जाताना त्यांनी मलाच ओठांवर बोट ठेवून दटावलं. त्या रसायनबाईंनी आपल्या खोलीतली खुर्ची आणून दिली, अर्धा पेपर दिला, आणि पुटपुटल्या की गेल्या दोन दिवसांपासून हिला सुधारणा आहे. मी संमतीचा कागद मागवला. रसायनबाईंचं पेन घेऊन, मांडीवर पेपर ठेवून, सही केली. आई आत झोपलेली असतानाच केली. ती जागी असती तर तिने मला सहीचं वळण नीट काढायला लावलं असतं.

दहा वाजत आले तेव्हा कडी वाजली. केस एका बाजूला चपटे, गालावर उशीची रेघ, डोळे किलकिले. मी तिला अशी कधी बघितली नव्हती. कुणाची रेक्टर वाटत नव्हती. मला बघून आधी गोंधळली, मग घड्याळाकडे बघितलं आणि जे काय फैलावर घेतलं मला, अख्खा कॉरिडॉर जागा झाला! एवढा उशीर झाला, लेक बाहेर ताटकळत बसलीय, आणि मी दार का वाजवलं नाही, उठवलं का नाही, म्हणून. मी सहीचा कागद तिच्या हातात दिला. तिने तो वाचला, घडी घातली आणि परत विचारलं, उठवलं का नाहीस.

तिला मी नुसतं नाश्त्याला चल म्हटलं. तुला सांगते. आयुष्यात पहिल्यांदा आई झोपली होती आणि मी जागी होते. मला ते अजून थोडा वेळ हवं होतं.

पडद्यांची मापं घेऊन आलेय, सोबत पाठवते. माझ्यावरची माया तुझ्या शिलाईसारखी पक्की राहू दे.

तुझी भाची,
ठमी